जरा पुढं बसतो

नानाच्या घराचा जिना कुठंच जात नाही. अंगणाच्या कडेनं तो वर चढतो, एक वळण घेतो आणि पत्र्याच्या उंचीला पोचला की थांबतो. वर माडी बांधायची होती. विटा आल्या, वाळू आली, जिना उभा राहिला, आणि तेवढ्यात पावसात शेजाऱ्याची भिंत पडली. विटा तिकडं गेल्या. वाळू खालच्या आळीत कुणाच्या तरी ओट्याला गेली. आता त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्या पायऱ्यांवर मिरच्या वाळवतात, आणि वरच्या पायरीला ऊन जास्त लागतं म्हणून ती पापडांसाठी राखून ठेवतात.

नाना माझा कॉलेजातला मित्र. दिंडोरी तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे आणि ती बरी चालते. गावात लहानथोर सगळे त्याला नाना म्हणतात म्हणून मीही म्हणतो, पण अरे-तुरेनं. मी नाशकात एका विमा कंपनीत नोकरी करतो आणि बऱ्याच वर्षांपासून मॅरेथॉन पळतो. मला वेळापत्रक आवडतं. कुठले मोजे कुठल्या खणात आहेत हे मी डोळे मिटून सांगू शकतो. असा माणूस नानाचा मित्र कसा काय राहिला, हे आमच्या घरात अजून कुणाला कळलेलं नाही.

एका हिवाळ्यात मी नाशकातली मॅरेथॉन पळालो तेव्हा नाना मला बघायला शेवटच्या रेषेपाशी येऊन उभा राहिला होता. माझं पळणं संपलं, घाम अंगावर गार पडला, मला घरी जायची घाई. पण नाना हलायला तयार नाही. मागून येणारा एकेक माणूस तो बघत होता. लंगडत येणारे, रडत येणारे, एक तर वयस्कर बाई हसत हसत चालतच आल्या. नानानं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

"या बाईंचा कितवा नंबर?" त्यानं विचारलं.

"इथं नंबर कुणी विचारत नाही. पूर्ण केलं की झालं."

"नंबर नाय?"

"पहिल्या दोन-चार जणांचा असतो. बाकीच्यांनी पूर्ण करायचं."

नानानं आणखी दोघातिघांसाठी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, "मंग आपण बी करू."

मी त्याला रीतसर सांगितलं, की पन्नाशी उलटल्यावर एकदम बेचाळीस किलोमीटरच्या मागं लागू नये, पुढच्या वर्षी अर्धी मॅरेथॉन पळ. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "अर्धं नको. अर्धं लय झालंय माझ्याकडं."

खरंच लय झालं होतं. जिना होता. गोठा होता, त्यात गाय आलीच नाही, कारण गाईसाठी ठरवलेल्या दिवशी नाना दुसऱ्याच कुणाच्या तरी बैलाला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात बसला होता. ट्रॉलीची एक बाजू निळी आणि दुसरी गंजलेली, कारण उरलेला रंग शाळेच्या फाटकाला लागला. नाना आळशी नव्हता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. सकाळी उठून तो कामाला लागायचा. मधेच कुणीतरी हाक मारायचं, आणि हाक मारली की नाना जायचा. परत येईपर्यंत त्या कामाचा हंगाम सरलेला असायचा.

त्यानं घरी हे जाहीर केलं तेव्हा वहिनी भाकरी थापत होत्या. "पळा की," एवढंच म्हणाल्या. मी निघताना मात्र फाटकापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, यांचं एक तरी काम शेवटाला गेलेलं मला बघायचंय. मग ते पळायचं का असंना." त्या थट्टा करतायत असं मला वाटलं होतं. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या दिवसापासून नानाला शेवटापर्यंत नेणं ही माझीच जबाबदारी होऊन बसली.

नानाचा पळायचा पोशाख म्हणजे फुल पँट आणि खिशाचा शर्ट. खिशात कंगवा, रुमाल आणि द्राक्षाची छाटणीची कात्री. कात्री कशाला, तर पळता पळता कुणाच्या बागेत चुकार फुटवा दिसला तर खुडता यावा. बूट त्यानं वाढत्या मापाचे घेतले होते. लहानपणी वडील तसेच घ्यायचे म्हणे. आता पाय कशानं वाढणार आहेत, असं मी विचारलं, तर म्हणाला, "पळून पळून सुजतील की." हे मात्र त्याचं खरं निघालं.

पहिल्या दिवशी तो पहाटे गावातून पळत निघाला आणि गावात घबराट झाली. खेड्यात पन्नाशीचा माणूस उगाच पळत नाही. कुणीतरी गेलं असेल, विहिरीत काही पडलं असेल, नाहीतर बागेला आग लागली असेल, तरच पळतो. दोघंतिघं टॉवेल गुंडाळत त्याच्यामागं पळाले. एकानं मोटारसायकल काढली. "नाना, कोण गेलं?" असं विचारत ते वेशीपर्यंत गेले. नाना थांबला, सगळ्यांना मॅरेथॉन समजावून सांगितली, आणि एवढी माणसं आपल्यासाठी झोपेतून उठली म्हणून त्यांना चहाला घरी घेऊन आला. पहिल्या दिवसाचं पळणं वेशीवरच संपलं.

तरी महिन्याभरात गाव सरावलं. मी त्याला माझं जुनं घड्याळ दिलं होतं. त्यात माणूस किती पळाला, कुठल्या वेगानं पळाला, हे सगळं नोंदलं जातं आणि मला नाशकात बसून फोनवर दिसतं. पहिले काही आठवडे मी खूश होतो. मग एका रविवारी मी चहा पिता पिता त्याची नोंद उघडली आणि कप खाली ठेवला. अर्धं अंतर नाना त्याच्या नेहमीच्या संथ चालीनं पळाला होता. उरलेल्या अर्ध्यात त्यानं जगातल्या कुठल्याही पळणाऱ्याला लाजवलं असतं.

मी फोन केला. "नाना, परत येताना कसा आलास?"

"पिकप होता ना पाटलाचा," नाना म्हणाला. त्याच्या आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती. "टोमॅटो टाकून चालला होता. म्हणला, बसा नाना. बसलो."

"अरे, पण तू पळायला गेला होतास."

"अंतर तर झालंच ना."

मागच्या नोंदी काढून पाहिल्या. दर रविवारी हेच. कधी ट्रॅक्टर, कधी दुधाची गाडी, एकदा पेठकडून छाटणीला आलेल्या मजूर बायांची जीप. बायांनी सरकून त्याला जागा करून दिली होती आणि वर चिंचाही खायला दिल्या होत्या. मी चिडलो. फोनवर चिडता येईना म्हणून स्कूटर काढून त्याच्या गावी गेलो आणि बागेच्या बांधावर उभा राहून चिडलो. नानानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे बघ. त्यानं गाडी थांबवली. ब्रेक दाबला, गिअर पाडला, काच खाली केली. एवढं केल्यावर त्याला नको कसं म्हणायचं?"

माझ्या वेळापत्रकात श्वास कसा घ्यायचा, पाणी कधी प्यायचं, चढावर पावलं कशी टाकायची, सगळं होतं. नको म्हणण्याचा रकाना नव्हता. तो मी त्या दिवशी घातला.

सराव तिथंच सुरू केला. नानाला रस्त्यानं पळायला लावलं, मागून स्कूटर आणली, शेजारी थांबवली आणि म्हणालो, "चल नाना, बस."

नाना बसला.

"अरे, नको म्हणायचं."

"तूच म्हणालास ना बस."

"हा सराव आहे, नाना."

"मंग दुसऱ्या कुणाला तरी म्हणायला लाव. तुला कसं नको म्हणू?"

मी त्याला तसाच मागं बसवून घरी घेऊन आलो. वहिनी पायऱ्यांवरच्या मिरच्या उलटत होत्या. आम्हाला दोघांना स्कूटरवरून येताना पाहून त्या नुसत्या मिरच्या उलटत राहिल्या. त्यांनी बोललेलं परवडलं असतं.

मग मी त्याला शहरात आणला. नाशकातल्या जॉगिंग ट्रॅकवर कुणी कुणाला गाडीत घेत नाही, बघतसुद्धा नाही. नाना तिथं सुंदर पळाला. न थांबता, एका लयीत. मी म्हटलं, सुटलो एकदाचे. पण पळून झाल्यावर तो कट्ट्यावर बसून राहिला. त्याला घरी नेलं, पोहे दिले, तरी चेहरा उतरलेलाच. शेवटी म्हणाला, "चार फेऱ्या एकाच माणसाच्या बरोबरीनं पळालो. मी रामराम केला तर त्यानं कानातली वायर सुद्धा काढली नाय. इथं माणूस पडला तरी लोक वळसा घालून पळतील." तो पुन्हा ट्रॅकवर आला नाही. येतो म्हणायचा. अर्थात नको तर त्याला म्हणताच येत नव्हतं.

एकदाच त्यानं माझ्या धाकानं ट्रॅक्टरवरच्या एका म्हाताऱ्या भाऊबंदाला पळता पळता हात हलवून नकार दिला. तात्या म्हणायचे त्यांना. तात्यांनी नानाशी बोलणं टाकलं. "आमच्या ट्रॅक्टरवर बसायची लाज वाटती आता त्याला, बुटं आली ना पायात," असं ते पारावर म्हणाले. नानाला जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी तो तात्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि काही काम नसताना त्यांच्या ट्रॅक्टरवर बसून दिंडोरीला जाऊन आला.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. आम्ही कॉलेजात एकाच खोलीत राहायचो. पदवीच्या शेवटच्या पेपरच्या आदल्या रात्री माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. अपेंडिक्स होतं. नानानं मला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, माझे वडील गावाहून पोचेपर्यंत तो बाकावर बसून होता. वडील दुपारी पोचले. तोपर्यंत पेपर होऊन गेला होता, त्याचाही आणि माझाही. मी पुढच्या खेपेला तो पेपर दिला आणि पदवी घेतली. नाना पुढच्या खेपेला निघाला होता, पण त्याच सुमारास गावात कुणाचं तरी काहीतरी निघालं. तेव्हा त्याच्या अर्ध्यात राहिलेल्या कामांमध्ये एक काम माझ्या नावावर आहे. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही. त्याला ते आठवत तरी असेल का, शंका आहे. मला मात्र त्याचा जिना दिसला की आठवतं, आणि म्हणून त्याच्यावर चिडून मी कितीही वेळा स्कूटरला किक मारली तरी पुढच्या रविवारी परत जायचो.

शेवटी तोडगा वहिनींनी काढला. मॅरेथॉन तीन आठवड्यांवर आली होती आणि नानानं लांब पल्ल्याचं पळणं एकदाही स्वतःच्या पायांवर पुरं केलं नव्हतं. वहिनींनी बचत गटातल्या सगळ्या बायांना सांगितलं, बायांनी आपापल्या नवऱ्यांना सांगितलं, दूधवाल्याला, पाटलाच्या ड्रायव्हरला, तात्यांनासुद्धा निरोप गेला. या रविवारी नानाला कुणी गाडीत घ्यायचं नाही. थांबायचंच नाही.

त्या रविवारी मी मुद्दाम त्याच्या अंगणात येऊन बसलो. ऊन चढलं, मिरच्यांचा ठसका हवेत भरला, आणि नाना फाटकातून आत आला. पूर्ण अंतर पळून. मी घड्याळ पाहिलं, शंकाच नव्हती. मी उठून त्याला मिठी मारली. पण तो लाकडासारखा उभा.

"काय रे?"

"गावाचं काय बिनसलंय माझ्याशी?" नाना म्हणाला. "पाटलाची गाडी गेली. तात्या गेले. एकानं मान वळवली नाय. मी हात केला तरी."

वहिनी त्याच्यासाठी लिंबूपाणी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. नाना पायरीवर बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "असं व्हय. मंग बरं हाय." संध्याकाळी तो गावभर फिरून प्रत्येकाला सांगून आला, की राग नाही.

मॅरेथॉनच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. गंगापूर रस्त्यावरच्या मैदानातून निघायचं, गिरणाऱ्याच्या बाजूला जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. वहिनी येणार नव्हत्या. "अर्ध्यातनं परत आलेलं मला बघवायचं नाही," असं म्हणाल्या होत्या. तरी आल्या. साडीवर स्वेटर, डोक्याला स्कार्फ, हातात पिशवी. शेवटच्या रेषेजवळ मंडपवाल्याच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

मी त्या दिवशी अर्धीच पळालो, म्हणजे नंतर नानाच्या मागं राहता येईल. माझं आटोपून, कपडे बदलून, केळी आणि पाणी घेऊन मी उलट्या दिशेनं चालत निघालो. लोक येत होते. हळूहळू विरळ झाले. पाण्याची टेबलं उचलायला सुरुवात झाली. एका टेबलावरच्या पोरांना मी फुल पँटवाल्या गृहस्थांबद्दल विचारलं, तर ती हसायला लागली. "ते काका ना? ते आम्हालाच विचारत होते, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं का."

बराच पुढं गेल्यावर तो दिसला. एका पायावर जोर देत, रुमाल डोक्याला बांधून, पळणं आणि चालणं यांच्या मधलं काहीतरी करत नाना येत होता. आणि त्याच्या मागं, अगदी त्याच्या चालीनं, एक बस येत होती. ज्यांना वेळेत जमत नाही त्यांना गोळा करत येणारी बस. इतके महिने मी याच क्षणाला घाबरत होतो आणि हे मला तोवर कळलंही नव्हतं. पाय दमतील, पोटरी धरेल, ऊन लागेल, या सगळ्याची मी तयारी करून घेतली होती. पण एक गाडी थांबेल आणि आतून कुणीतरी बसा म्हणेल, याला नानाकडं कुठलंच औषध नव्हतं.

बसच्या दारात एक स्वयंसेवक मुलगी उभी होती. "काका, वेळ संपलीय. बसा ना प्लीज. मागं कुणीच नाहीये आता."

"बसतो की," नाना म्हणाला.

मी डोळे मिटले. वहिनी खुर्चीवर बसलेल्या दिसल्या.

"बसतो," नाना पुन्हा म्हणाला, "जरा ती रसवंती येऊ द्या."

मी डोळे उघडले. नाना पळतच होता. रसवंती आली. ड्रायव्हरनं बस थांबवली, ब्रेकचा आवाज आला, काच खाली झाली. "या काका."

"आलोच. जरा पुढं बसतो. त्या नर्सरीपाशी सावली हाय."

मी त्याच्या शेजारी पोचलो, पाण्याची बाटली हातात दिली आणि त्याच्या बरोबरीनं परत फिरलो. मी शिकवलेलं 'नको' त्यानं एकदाही वापरलं नाही. नर्सरी आली. नाना ड्रायव्हरला म्हणाला, "कुठलं गाव तुमचं?" ड्रायव्हर सिन्नरकडचा निघाला. नाना म्हणाला, तिकडं त्याची आत्या दिलेली होती. आत्याचं घर कुठल्या गल्लीत, हे सांगण्यात मंगल कार्यालयाची कमान मागं पडली. मुलीनं फोनवर कुणाशी तरी बोलून घेतलं, मग तिनं फोन खिशात ठेवला आणि पायरीवर बसली. बसमध्ये जे दमून बसले होते ते खिडक्यांमधून डोकी बाहेर काढून बघायला लागले. पुढं पुढं तर ड्रायव्हरच विचारायला लागला, "नाना, आता कुठं बसताय?" आणि नाना पुढचं काहीतरी दाखवायचा. सिग्नल. मेडिकलचं दुकान. वडाचं झाड. प्रत्येक वेळी अगदी मनापासून.

मैदानात शिरलो तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडायला सुरुवात झाली होती. ती एका बाजूला कलली होती. मंडपवाल्यांनी सगळ्या खुर्च्या एकात एक घालून टेंपोत चढवल्या होत्या. एकच राहिली होती, आणि तिच्यावर वहिनी बसल्या होत्या. त्या उठत नव्हत्या म्हणून टेंपो थांबला होता.

नाना कमानीखालून वाकून पलीकडं गेला आणि थांबला.

वहिनी उठल्या. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. "भाऊजी, पूर्ण?"

"पूर्ण," मी म्हणालो. "एकही पाऊल कमी नाही."

वहिनींनी मान डोलावली. मग पिशवीतून टॉवेल काढून त्यांनी नानाचं तोंड पुसलं, भर मैदानात, सगळ्यांसमोर. निकालात त्याचं नाव नव्हतं, पदकांचं टेबल केव्हाच उचललं होतं, पण त्या दोघांनी त्याबद्दल कुणालाही काही विचारलं नाही. जिना अजून तसाच आहे. मध्यंतरी पुन्हा विटा आल्या होत्या, त्या आता शाळेच्या भिंतीत आहेत. वहिनी त्यावरून बोलतात, पण पूर्वीसारखं डोळे भरून नाही.

त्या दिवशी नाना टॉवेल खांद्यावर टाकून लंगडत परत फिरला. मला वाटलं, पाण्याकडं चाललाय. तो बसकडं चालला होता.

"नाना, कुठं? झालं सगळं."

"त्यांना बसतो म्हणालो होतो ना," नाना म्हणाला. ड्रायव्हरनं दार उघडं ठेवलं होतं. बस फक्त मैदानाला वळसा घालून मागच्या फाटकाशी जाऊन उभी राहणार होती. नाना दोन्ही हातांनी दांडा धरून चढला आणि पुढच्या सीटवर बसला. वहिनी पिशवी सावरत त्याच्यामागं चढल्या. खिडकी सरकवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"भाऊजी, या ना. बसा."

माझी स्कूटर तिथंच, कुंपणाला लागून उभी होती आणि किल्ली माझ्या हातात होती. मी बसलो.